पायावरची न भरणारी जखम: आधी रक्तपुरवठा तपासा, मग पट्टी बांधा

पायाला लहानशी जखम होते. कधी चप्पल चावते, कधी डास चावलेला खाजवला जातो, कधी नख काढताना ब्लेड लागते. आठ-पंधरा दिवसांत ती भरेल असे आपण धरून चालतो. पण महिना उलटतो, मलम बदलते, इंजेक्शने होतात आणि जखम आहे तिथेच राहते. अशा वेळी बहुतेक रुग्ण विचारतात, "डॉक्टर, यावर चांगले मलम कोणते?" खरे तर विचारायला हवे, "या पायात रक्त नीट येते का, आणि आलेले रक्त नीट परत जाते का?"

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या दोन रुग्णांचे उदाहरण देतो. एक मावशी वीस वर्षे खानावळ चालवत होत्या. दिवसभर ओट्याशी उभे राहण्याचे काम. घोट्याच्या आतल्या बाजूला ओलसर, पसरट जखम, भोवतीची त्वचा काळवंडलेली. दुसरे एक काका, तरुणपणापासून बिडीची सवय. अंगठ्याच्या टोकाला शेंगदाण्याएवढी कोरडी जखम, पण वेदना इतक्या की रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसायचे. सतत पाय लोंबता ठेवल्याने पावलावर सूज आली होती. ती सूज पाहून कोणीतरी त्यांना घट्ट क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर ठेवायला सांगितले. मावशींना हाच सल्ला मिळाला असता तर त्यांची जखम भरली असती. काकांचा मात्र अंगठा चार दिवसांत काळा पडला. पुढे अँजिओप्लास्टी होऊन पाय वाचला, पण अंगठा गेला.

दोघांच्या जखमा पायावरच्याच होत्या, पण एकीचा उपचार दुसऱ्यासाठी घातक होता. हा फरक समजावा म्हणून हा लेख.

थोडक्यात महत्त्वाचे

• दोन आठवड्यांत भरण्याची चिन्हे न दाखवणारी पायाची जखम डॉक्टरांना दाखवावी. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी.
• जखमेचे मूळ बहुधा रक्ताभिसरणात असते. नुसत्या मलमाने ते दूर होत नाही.
• पायातला रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नये.
• बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद केल्याशिवाय धमनीच्या आजारावरचा कोणताही उपचार टिकत नाही.

पायात रक्त कसे फिरते?

हृदयातून निघालेले रक्त धमन्यांमधून पायाच्या बोटांपर्यंत खाली येते. ते पेशींना प्राणवायू आणि पोषण देते. वापरलेले रक्त शिरांमधून पुन्हा वर हृदयाकडे जाते.

खाली येणे सोपे, वर जाणे अवघड. त्यासाठी दोन गोष्टी मदत करतात. पहिली म्हणजे शिरांमधल्या झडपा. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली घसरू देत नाहीत. दुसरी म्हणजे पोटरीचे स्नायू. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात आणि पंपासारखे रक्त वर ढकलतात.

यात बिघाड दोन ठिकाणी होतो. धमनी अरुंद झाली तर रक्त पायापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. झडपा निकामी झाल्या तर आलेले रक्त खाली साचून राहते. शेतात पाणी आलेच नाही तर पीक वाळते आणि पाणी तुंबून राहिले तर ते कुजते, तसेच हे आहे.

१. शिरांच्या आजारामुळे होणारी जखम

नडगी आणि घोट्याच्या भागातल्या जुनाट जखमांमध्ये हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. झडपा निकामी झाल्याने घोट्याभोवती रक्ताचा दाब वाढतो, पाणी आणि रक्तपेशी त्वचेत झिरपतात, त्वचा कमकुवत होते आणि लहानशा धक्क्यानेही फाटते.

ओळखण्याच्या खुणा:
• जागा: बहुधा घोट्याच्या वर, आतल्या बाजूला.
• जखम पसरट, उथळ, वेड्यावाकड्या कडांची. त्यातून बरेच पाणी स्रवते.
• भोवतीची त्वचा तपकिरी-काळी, कडक, खाज सुटणारी.
• संध्याकाळी सूज आणि जडपणा वाढतो, पाय वर घेऊन झोपले की बरे वाटते.
• पायावर फुगलेल्या, वेटोळ्या निळसर शिरा दिसू शकतात.

कोणाला धोका जास्त? तासन्‌तास उभे राहणारे लोक, जसे वाहतूक पोलीस, शिक्षक, सुरक्षारक्षक, केशकर्तन करणारे, यंत्रमाग कामगार, आचारी. तसेच वजन जास्त असलेले, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया आणि पूर्वी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेले रुग्ण. गुडघा किंवा घोटा आखडलेला असेल तर पोटरीचा पंप चालत नाही, हेही एक कारण असते.

२. धमनीच्या आजारामुळे होणारी जखम

धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचे थर साचून ती अरुंद होते. हृदयाच्या धमनीत झाले तर हार्ट अटॅक येतो. पायाच्या धमनीत झाले तर आधी चालताना पोटरी दुखते, मग बसल्या जागीही पाऊल दुखते आणि शेवटी जखम किंवा गँगरीन होते.

ओळखण्याच्या खुणा:
• जागा: बोटांची टोके, टाच, पावलाच्या कडा, म्हणजे जिथे दाब पडतो तिथे.
• जखम लहान पण खोल, कडा कापल्यासारख्या स्पष्ट, तळ फिकट किंवा काळा, स्राव कमी.
• वेदना तीव्र, रात्री पाय आडवा ठेवल्यावर वाढतात, पाय खाली सोडल्यावर कमी होतात.
• पाऊल थंड, त्वचा पातळ आणि चकचकीत, पायावरचे केस गळलेले, नखे जाड.
• ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळे येतात, थांबले की काही मिनिटांत जातात.

याची मुख्य कारणे म्हणजे तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, वाढते वय आणि मूत्रपिंडाचा जुना आजार. तरुण पुरुषांमध्ये, विशेषतः बिडी ओढणाऱ्यांमध्ये, बर्जर नावाचा आजार होतो. त्यात हातापायांच्या लहान धमन्या सुजून बंद पडतात. तंबाखू पूर्ण बंद करणे हाच त्यावरचा मुख्य उपचार आहे. दिवसाला एखादी बिडी चालू ठेवली तरी आजार पुढे सरकतो. आपल्याकडे अनेक स्त्रिया "मी तंबाखू खात नाही" असे सांगतात, पण सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे लक्षात ठेवावे.

३. मधुमेहातील पायाची जखम

मधुमेहात दोन संकटे एकत्र येतात. नसा बधिर होतात, त्यामुळे खडा टोचला, चप्पल घासली तरी कळत नाही. त्याच वेळी धमन्याही अरुंद होत असतात. जखम बहुधा तळव्यावर किंवा बोटांवर होते, भोवती कातडी जाड होते आणि ती दुखत नाही. "दुखत नव्हते म्हणून आलो नाही," हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. मधुमेहात न दुखणारी जखम जास्त धोक्याची समजावी.

काही रुग्णांत शिरा आणि धमन्या दोन्ही बिघडलेल्या असतात. नुसते पाहून अंदाज बांधणे म्हणूनच पुरेसे नाही.

इतर कारणे

सिकलसेलच्या रुग्णांना घोट्याजवळ चिवट जखमा होतात. विदर्भातील आणि नंदुरबार भागातील डॉक्टर हे नेहमी पाहतात. कुष्ठरोगात बधिर तळव्यावर जखम होते. संधिवाताचे काही प्रकार, क्षयरोग आणि त्वचेचा कर्करोग हीसुद्धा कारणे असू शकतात. योग्य उपचार करूनही तीन महिन्यांत जखम भरत नसेल किंवा तिच्या कडा उंच, गाठीसारख्या होत असतील, तर बायोप्सी करून घ्यावी.

कोणत्या तपासण्या लागतात?

नाडी तपासणे: पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या मागे नाडी लागते का हे डॉक्टर बोटांनी पाहतात. याला एक पैसा लागत नाही. तुमचे मोजे काढून कोणी नाडी पाहिली नसेल तर स्वतःहून सांगा, "डॉक्टर, पायाची नाडी बघता का?"

घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना: याला 'एबीआय' म्हणतात. लहान डॉप्लर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. उत्तर साधारण १.० ते १.४ असेल तर ठीक. ०.९ पेक्षा कमी म्हणजे धमनी अरुंद आहे. ०.५ पेक्षा कमी म्हणजे पायाला गंभीर धोका. मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत धमन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा जास्त येऊ शकतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात.

कलर डॉप्लर सोनोग्राफी: धमनी कुठे अरुंद आहे, कोणत्या शिरेची झडप गळते, जुनी गुठळी आहे का, हे सुई न टोचता कळते.

सीटी अँजिओग्राफी: धमनीची शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी ठरवायची असेल तेव्हा. त्याआधी क्रिएटिनिन तपासतात, कारण यात वापरायच्या औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो.

रक्ततपासणी: साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचे कार्य. हाडापर्यंत जंतुसंसर्ग गेल्याची शंका असेल तर एक्स-रे किंवा एमआरआय.

उपचार

शिरांच्या जखमेवर

मुख्य उपचार आहे दाबपट्टी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत विशिष्ट दाबाने थरांची पट्टी बांधतात. घोट्याशी हा दाब साधारण ४० मिलिमीटर पारा इतका ठेवतात आणि वर जाताना तो कमी होत जातो. एबीआय ०.८ किंवा जास्त असेल तरच पूर्ण दाब देतात. ०.५ ते ०.८ दरम्यान असेल तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी दाब देतात, आणि ०.५ च्या खाली दाबपट्टी बांधतच नाहीत. पट्टी शिकलेल्या हातांनीच बांधावी. ती साधारण आठवड्यातून एक-दोनदा बदलतात. बांधल्यावर बोटे निळी, थंड किंवा बधिर झाली तर लगेच सोडावी.

सोबत दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, रोज चालावे, बसल्या जागी घोटा वर-खाली हलवावा.

गळणारी वरची शीर लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने बंद करता येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात ४५० रुग्णांची तुलना झाली. दाबपट्टीबरोबर शिरेचा उपचार लवकर केलेल्यांची जखम भरायला मध्यमान ५६ दिवस लागले, उशिरा केलेल्यांची ८२ दिवस. "आधी जखम भरू दे, मग शिरेचे पाहू" असे थांबत बसण्याची गरज नसते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

धमनीच्या जखमेवर

इथे एकच उद्दिष्ट असते, पायापर्यंत रक्त पोहोचवणे. अरुंद धमनी फुग्याने किंवा स्टेंटने उघडतात. त्यालाच अँजिओप्लास्टी म्हणतात. ते शक्य नसेल तर बायपास करतात. हे काम रक्तवाहिन्यांच्या शल्यतज्ज्ञांचे आहे, त्यामुळे त्यांच्याकडे पाठवले तर वेळ घालवू नये. बोट किंवा पाय कापण्याचा सल्ला मिळाला असेल आणि धमन्यांची तपासणी झालेली नसेल, तर प्रकृती स्थिर असताना रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांचे मत जरूर घ्यावे. मात्र जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल तर जीव वाचवण्यासाठी तातडीने निर्णय घ्यावा लागतो.

सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, रक्तदाब व साखरेची औषधे लागतात. ही बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात, कारण पायाच्या धमन्या खराब असतील तर हृदय आणि मेंदूच्या धमन्यांनाही धोका असतो.

मधुमेही पायाच्या जखमेवर

जखमेवरचा भार काढणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी खास बूट किंवा पायाला बसणारे प्लास्टर वापरतात. "थोडेच चालतो" म्हणत त्याच जखमेवर उभे राहिले तर उत्तम ड्रेसिंगही वाया जाते. मृत कातडी डॉक्टरांकडून काढून घ्यावी. साखर आटोक्यात ठेवावी. गरज पडल्यास काही काळ इन्सुलिन सुरू करतात, त्याला घाबरू नये.

उपचाराचा खर्च ही घरच्यांची मोठी चिंता असते. सरकारी किंवा योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो. आपला उपचार योजनेत येतो का, हे त्याच्याकडे आधीच विचारून घ्यावे.

घरी ड्रेसिंग करताना

१. साबणाने हात धुवा.
२. सलाईनच्या पाण्याने किंवा उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्याने जखम धुवा.
३. डॉक्टरांनी सांगितलेले न चिकटणारे ड्रेसिंग ठेवा. जखम हलकी ओलसर राहिली की लवकर भरते. "उघडी ठेवून वाळू द्या" हा जुना समज बहुतेक जखमांसाठी चुकीचा आहे. मात्र रक्तपुरवठा नसलेले कोरडे काळे बोट कोरडेच ठेवायचे असते. त्याबाबत डॉक्टर सांगतील तसे करावे.
४. दर आठवड्याला एकाच जागेवरून, शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. जखम भरते आहे की वाढते आहे, हे डॉक्टरांना एका नजरेत कळते.

आहारात डाळी, उसळी, दूध, अंडी, शेंगदाणे, जमल्यास मासे असावेत. जखम भरायला प्रथिने लागतात. "पू होईल" म्हणून रुग्णाचा वरण-भात, अंडी बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्रथिने चालतील ते विचारून घ्या.

हे करू नका

• हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, टूथपेस्ट जखमेवर लावू नका. बिब्बा तर मुळीच नको, त्याने कातडी भाजते.
• हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल रोज ओतू नका. जंतूंबरोबर नवीन पेशीही मरतात.
• थंड पाय शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी वापरू नका. बधिर पाय भाजलेला कळत नाही.
• कुरूप किंवा भेगा ब्लेडने कापू नका, कुरुपाचे औषधी पॅच लावू नका.
• मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक घेऊ नका. उघड्या जखमेत जंतू असतातच. लाली पसरणे, पू, ताप, वाढती वेदना अशी संसर्गाची चिन्हे असतील तरच त्या गोळ्यांचा उपयोग होतो.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

• पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला आणि तीव्र दुखू लागला. यात धमनी एकाएकी बंद झालेली असू शकते. अशा वेळी पाय वाचवण्यासाठी हाताशी काही तासच असतात, सकाळची वाट पाहू नका.
• बोट काळे-निळे पडले.
• जखमेभोवती लाली वेगाने पसरते, दुर्गंधी येते, थंडी वाजून ताप येतो, रुग्ण असंबद्ध बोलतो.
• पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा त्यासोबत दम लागला.
• फुगलेल्या शिरेतून रक्ताची धार लागली. अशा वेळी रुग्णाला आडवे झोपवा, पाय वर उचला, स्वच्छ कापडाने जागेवर घट्ट दाबून धरा आणि मग रुग्णालयात न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जखम भरायला किती दिवस लागतात?
शिरांची जखम योग्य दाबपट्टीने बहुधा तीन ते सहा महिन्यांत भरते. जुनी आणि मोठी जखम जास्त वेळ घेते. धमनीच्या जखमेत रक्तपुरवठा सुरू झाल्यावरच घड्याळ सुरू होते. चार आठवड्यांत जखम स्पष्टपणे लहान झाली नाही तर उपचाराचा फेरविचार करायला सांगा.

पुन्हा होईल का?
होऊ शकते, विशेषतः शिरांची. जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या दाबाचे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घालावेत आणि रात्री झोपताना काढावेत. मोजे सैल पडतात, म्हणून साधारण सहा महिन्यांनी बदलावेत.

चालल्याने जखम वाढते का?
शिरांच्या जखमेत चालणे हे औषध आहे. मधुमेही तळव्याच्या जखमेत चालणे टाळावे. धमनीच्या जखमेत डॉक्टरांना विचारून ठरवावे.

अनवाणी देवदर्शनाला जाता येईल का?
मधुमेह किंवा धमनीचा आजार असेल तर नको. तापलेल्या फरशीने तळवा भाजल्याचे रुग्ण दर उन्हाळ्यात येतात. मंदिराच्या आवारात जाड मोजे घालावेत आणि घरी आल्यावर दोन्ही तळवे नीट तपासावेत.

तंबाखू सुटत नाही, काय करू?
राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६ वर मोफत मार्गदर्शन मिळते. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगमबद्दल डॉक्टरांशी बोला.

घरच्यांसाठी दोन शब्द

न भरणाऱ्या जखमेचा माणूस हळूहळू घरात कोपऱ्यात जातो. वास येईल म्हणून लग्नकार्याला जात नाही, ड्रेसिंगचा खर्च होतो म्हणून वेदना सांगत नाही. रोज रात्री आई-वडिलांचे पाय पाहणे हे काम घरातल्या एकाने अंगावर घ्या. बोटांच्या बेचक्यात, टाचेला, तळव्याला बॅटरीच्या उजेडात पाहा. दोन मिनिटे लागतात. वर सांगितलेल्या काकांच्या घरी आता त्यांची नात हे काम करते. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या पायाच्या करंगळीवरचा फोड तिने पहिल्याच दिवशी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात होते. तो फोड दोन आठवड्यांत भरला.

(हा लेख माहितीसाठी आहे. आपल्या जखमेचे निदान आणि उपचार प्रत्यक्ष तपासणीनंतर आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत.)